कांद्याच्या सालीचा काढा

आमच्या ह्यांना अख्ख्या गल्लीत बुडबुडे म्हणतात. खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलंय. नाव पडलं ते कामावरून. हे मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करायचे. इंजिन तापू नये म्हणून पाणी खेळवणारी पितळेची जाळी असते, तो रेडिएटर. ती गळायला लागली की तिची सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्याच्या टाकीत बुडवायची. जिथून बुडबुडा वर येईल तिथं भोक. मग ती जागा बत्तीच्या जाळानं तापवायची, तिच्यावर धातूची कांडी टेकवायची. कांडी वितळून भोकात बसते, त्याला डाग देणं म्हणतात. चौतीस वर्षं जो माणूस टाकीत डोळे घालून बुडबुडे बघत बसला, त्याचं दुसरं काय नाव पडणार?

मी त्यांची बायको. मला कोणी टोपणनाव ठेवलेलं नाही, निदान माझ्या तोंडावर तरी नाही. मी जरा जास्त बोलते आणि जरा लवकर चिडते, हे आधीच सांगून टाकते. आणखी एक सांगते. पुढं जे सांगणार आहे ते सगळं मला नीट आठवतंय, अशी माझीच खात्री नाही. का नाही, ते कळेलच.

सुरुवात कधी झाली कोण जाणे. विसरणं काही दार वाजवून येत नाही. आधी चष्मा हरवायला लागला, मग किल्ल्या. ते मी विसरण्यात धरलंच नाही, कारण पुरुषाच्या जातीला स्वतःची वस्तू कधी सापडलीय? मग एक दिवस दुकानातला जोडीदार घरी आला. दुकान दोघांचं. तो गाडीतून जाळ्या उतरवायचा आणि चढवायचा, हे डाग द्यायचे. चहा नको म्हणाला, दारातच उभा राहिला आणि चाचरत सांगायला लागला की बुडबुड्यांनी ट्रकचा रेडिएटर टॅक्सीवाल्याच्या हातात दिला. मला हसू आलं. तो हसला नाही. मग म्हणाला, वहिनी, काल पेटती बत्ती बाकावर ठेवून बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले होते, आणि मी विचारलं तर म्हणाले, कुठली बत्ती? दुसऱ्याच दिवशी ह्यांना घेऊन मी दवाखाना गाठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो धंद्याचा. उत्तर ऐकलं आणि लगेच रक्त काढायला लावलं. निघालं शिसं. डागाच्या कांडीत कथील असतं आणि शिसं असतं, कामाच्या कांडीत शिसंच जास्त. त्याचा धूर नाकातून गेला, भुकटी बोटांवरून जेवणात गेली, चौतीस वर्षं. रक्तातला आकडा आला बेचाळीस. तो पाचाच्या आत हवा म्हणे. बाईंनी समजावलं की हे शिसं हाडांत मुरतं आणि डोक्याचं काम बिघडवतं. गोळ्या लगेच नकोत, आधी काम बंद करा. शिशापासून लांब राहिलात तर आकडा आपोआप उतरेल. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, पण आहे ते टिकेल. दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं.

आहे ते टिकेल. मला तेवढंच हवं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. आमच्या संसारात काय काय झालं ते माहीत असणारी जगात दोनच डोकी, एक ह्यांचं आणि एक माझं. त्यातलं एक रिकामं झालं तर मी भांडायचं कुणाशी? आणि मी जिंकले हे कळणार कुणाला?

काम बंद झालं. कामाचे कपडे बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याच आठवड्यात टाकून दिले. हत्यारांची पेटी जोडीदारानं घरी आणून दिली. ती मी रिकामी केली, एकेक वस्तू पुसली आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात ओळीनं लावून ठेवली. मला पसारा खपत नाही. हे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले काही नाहीत, किंवा म्हणाले असतील तर मी ऐकलं नाही.

आता माझी भाची. बहिणीची मुलगी, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते. सांभाळते म्हणजे त्यांना पाण्यातून धातू पाजते, ते रस्ता विसरायला लागले की नोंद करते. एकदा जेवायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली की काही उंदरांना धातूबरोबर एक द्रव्य देतात, ते वनस्पतीतनं निघतं, कांद्याच्या वरच्या सुक्या सालीत भरपूर असतं, आणि ते उंदीर रस्ता विसरत नाहीत, किंवा कमी विसरतात. माझा वाढता हात तसाच थांबला. तिनं तो थांबलेला बघितला आणि घाईघाईनं पुढचं सांगितलं. मावशी, उंदीर आहेत ते. माणसाला लागू पडतं का, किती द्यायचं, कुणालाच पक्कं माहीत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी काही उद्योग करू नकोस.

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय! दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडे जाऊन टोपलीच्या तळाशी साठलेल्या साली मागितल्या. तिला वाटलं मी शेळी पाळली. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, कारण त्या नको म्हणाल्या असत्या, आणि नको म्हटल्यावर करायला मला आवडत नाही. न विचारता केलेलं चालतं.

दोन मुठी साली, तांब्याभर पाणी, मंद आचेवर निम्मं होईपर्यंत. चव अशी तुरट की जीभ आक्रसून जायची, म्हणून त्यात एक अख्खं लिंबू पिळायला लागले. सकाळी उकळून किटलीतच ठेवायचा, अर्धा तेव्हा प्यायचा, अर्धा संध्याकाळी. ह्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, “आठवणी राहोत न राहोत, ही चव काही मरेपर्यंत विसरत नाही.” आणि मग अट घातली. तू पी, मग मी पितो. झालं, मीही प्यायला लागले. दोन कप, समोरासमोर बसून, नाक दाबून. खरं सांगते, किती वर्षांत आम्ही असे रोज समोरासमोर बसलो नव्हतो.

किटली पितळेची, सासूबाईंची. रोजच्या उकळण्यानं दोन आठवड्यांतच तिची चोच मुळाशी ठिबकायला लागली. मी म्हटलं, अहो, घरातच डाग देणारा बसलाय, द्या की एक डाग. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला! हातांना काम मिळालं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. खाण्यापिण्याच्या भांड्याला कामाची कांडी लावायची नाही, हा ह्यांचा नेम. त्यासाठी निव्वळ कथलाची वेगळी कांडी. शेजारपाजारचे लोक भांडी घेऊन यायचे तेव्हा हे ती कांडी कानाशी धरून जरा वाकवायचे. निव्वळ कथील वाकवलं की बारीक कुरकुरतं, शिसं घातलेलं गप्प राहतं. कथील रडतं, शिसं मुकं असतं, असं सगळ्यांना सांगायचे. दोन कांड्या कधी एका जागी ठेवल्या नाहीत. कामाची दुकानात, कथलाची घरी.

त्या दिवशी डाग मात्र झकास बसला. किटली उलटीपालटी करून बघितली, थेंब नाही. काढा सुरू राहिला.

दोन महिन्यांनी आकडा आला एक्कावन्न.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, कामावर जाता का? हे नाही म्हणाले. बाई माझ्याकडे वळल्या. मीही नाही म्हटलं, पण वाटेतच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आकडा आपोआप तर चढत नाही. मी बाजारात गेले की हे दुकानात जात असणार. घरी येऊन माझं जे तोंड सुटलं ते सुटलं. मी इकडं साली गोळा करत गल्लीभर हिंडते आणि तुम्ही तिकडं जाऊन धूर ओढता, लाज नाही वाटत? हे शपथेवर नाही म्हणाले. मी जोडीदाराला विचारलं, तोही कानांवर हात ठेवून मोकळा झाला. मला वाटलं दोघं मिळालेत. ह्यांचे बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं. काढ्याच्या साली दोन मुठींच्या तीन मुठी केल्या, आणि किटली दिवसभर बारीक आचेवर.

पुढच्या तपासणीत आकडा आला साठ.

तेव्हा हे जे बोलले त्यानं मी हादरले. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाले, “जात असेन गं. जाऊन येत असेन आणि विसरत असेन. तू सांग, मी काल दुपारी कुठं होतो?”

काल दुपारी? मी आठवायला लागले. काल दुपारी मी झोपले होते का? की ती परवाची दुपार? मला सांगता येईना. डोकं तर गेले कित्येक दिवस ठणकत होतं, पोट साफ होत नव्हतं, आमटीत मीठ दोनदा पडत होतं. काळजीनं होतंय, वयानं होतंय, असं म्हणत होते. दोघं बाकावर बसून राहिलो, आणि काल दुपारी आम्ही कुठं होतो हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही सुचेना.

आता मला हे कळत नव्हतं की काढा कमी पडतोय की काढा असूनही हे दुकानात जाताहेत, की काढा नसता तर आकडा सत्तर झाला असता. भाची आली तेव्हा मी शेवटी सगळं सांगून टाकलं आणि तिच्या हातात बाटलीभर काढा ठेवला. म्हटलं, तुझ्याकडं यंत्रं आहेत, यात ते द्रव्य किती उतरतंय बघून सांग, कमी असेल तर साली वाढवते. ती संतापली. पण बाटली पिशवीत टाकली. आठ दिवसांनी फोन न करता आली, चपला पायांत तशाच, थेट स्वयंपाकघरात. गॅस बंद केला, किटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

“मावशी, ह्यात शिसं आहे,” ती म्हणाली. “लिंबाच्या आंबटपणानं उतरतंय. कुठून येतंय ते बघू या.”

मी म्हटलं, सालींत असेल, भाजीवालीच्या टोपलीत असेल, नळाच्या पाण्यात असेल. जगातली एकेक वस्तू मोजली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हे मागून आले, तिच्या हातून किटली घेतली, उजेडाकडं धरली आणि चोचीच्या मुळाशी आतून बोट फिरवलं. मग टेबलावरचा कोरा कागद घेतला, घडी करून त्याची कड डागावर घासली. कागदावर पेन्सिलीसारखी काळपट रेघ उठली. कथलाची अशी उठत नाही. काल दुपार न आठवणाऱ्या माणसाच्या हातांना हे मात्र पाठ होतं. “कामाच्या कांडीचा डाग आहे,” ते म्हणाले आणि कागद खाली ठेवला.

म्हणजे चार महिने मी ह्यांना काय पाजत होते ते माझ्या लक्षात आलं. आणि ह्यांना एक कप प्यायला लावायचं म्हणून स्वतः काय पीत होते तेही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ह्यांच्या बुटांना लावलेलं कुलूप, दिलेल्या शिव्या, जोडीदाराशी धरलेला अबोला, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. चोर घरात आणि मी गावभर शोधतेय.

भाची खण उघडून बघत होती. तिथं दोन कांड्या शेजारी शेजारी, मी पुसून ओळीनं लावलेल्या. रंग एक, जाडी एक. तिनं विचारलं, ह्या एकत्र कुणी ठेवल्या? मी म्हटलं, मी. मग तिनं हळूच विचारलं, त्या दिवशी काकांच्या हातात कांडी कुणी दिली?

आता ऐका. त्या दिवसाचं मला एवढं पक्कं आठवतंय की किटली मी धरली होती. बत्तीचा चटका माझ्या अंगठ्याला बसला, त्याचा व्रण अजून आहे, तो काही खोटं बोलत नाही. म्हणजे मी तिथं होते. ह्यांच्या एका हातात बत्ती. मग खणातून कांडी काढली कुणी? “दे गं कांडी” असं म्हणाले का? मी वाकले का? कांडी कानाशी धरली गेली का? मी डोळे मिटून त्या दिवसात शिरायला बघते आणि तिथं कोणीतरी दिवा घालवून ठेवल्यासारखं होतं. शिशानं माझ्याही डोक्यातून नेमका तोच तुकडा नेला, की मला तो नकोय म्हणून तो सापडत नाही, हे कोण सांगणार?

मी काही बोलायच्या आत हे बोलले. “मीच घेतली. हिचा काही संबंध नाही. ही बाजारात गेली होती, मी एकट्यानंच डाग दिला.”

भाचीनं मान डोलावली. मी अंगठा मुठीत लपवला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त काढलं, छत्तीस निघालं, आणि मला जे सुनावलं ते मी निमूट ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच. दोघांना गोळ्या सुरू झाल्या. किटली भाची घेऊन गेली. आकडे आता उतरताहेत, ह्यांचा तिशीच्या आत आलाय, माझा त्याहून खाली. माझं डोकं ठणकायचं थांबलं. जोडीदाराची मी माफी मागितली, तो मोठ्या मनानं चहा प्यायला. सालींमुळं काही फायदा झाला का, त्यांनी आमचं थोडंफार वाचवलं का, हे मी भाचीला दोनदा विचारलं. ती म्हणते, मावशी, तुमच्या घरात जे झालं त्यातून काही कळायचं नाही, धातू पण तूच दिलास आणि द्रव्य पण तूच. उंदरांचं बरं असतं, त्यांना कोण काय देतंय ते लिहून ठेवलेलं असतं. मला काही उलगडा होत नाही.

हे मात्र किती परत आलेत ते कळत नाही. काही दिवस लख्ख असतात, भाजीवालीच्या नातवाचं बारसं कधी झालं तेही सांगतात. काही दिवस सकाळी उठून बूट शोधतात, दुकान उघडायला उशीर झाला म्हणतात. मग मी सांगते, ते मान हलवतात, आणि तासाभरानं पुन्हा बूट.

म्हणूनच मी त्यांना अधूनमधून विचारते. आरोप म्हणून नाही, सहज, भाजी निवडता निवडता. अहो, त्या किटलीला डाग दिलात तेव्हा मी कुठं होते हो? हे वर न बघता म्हणतात, “तू बाजारात होतीस. मी एकट्यानंच दिला.”

या माणसानं चौतीस वर्षांत एका गळतीचा दोष स्वतःकडं घेतलेला नाही. डाग दिलेली जाळी पुन्हा गळली तर दोष ड्रायव्हरचा, रस्त्याचा, पाण्याचा, कधी ह्यांचा नाही. त्यानं माझ्यासाठी हे ओढवून घेतलं असेल तर त्याला तो दिवस पुरता आठवतो. मी किटली धरली होती, मला चटका बसला होता, खणात कोण वाकलं होतं, सगळं. आठवल्याशिवाय माणूस झाकणार काय? आणि खरंच त्यांना मी बाजारात गेलेली दिसत असेन, तर मी त्यांच्या डोक्यातून तिथून पुसली गेलेय.

आतापर्यंत मी सात वेळा विचारलंय. बूट शोधायच्या दिवशी विचारलं आणि लख्ख दिवशीही. इतर गोष्टींची उत्तरं दर वेळी वेगळी येतात. याचं शब्दाला शब्द तेच येतं, घोकून ठेवल्यासारखं. लग्न झाल्यापासून हा माणूस खोटं बोलला की मी पकडायचे आणि घर डोक्यावर घ्यायचे. आता मी भाजी निवडत गप्प बसते आणि मनात म्हणते, खोटंच बोलत असू देत.